झऱ्याच्या कलाने आखलेला एक दिवस

दिवाळीचा फराळ संपून डबे घासूनपुसून फडताळात परत गेले, की आमच्या घरात दर वर्षी एकच विषय निघतो: यंदा बनेश्वरला कधी जायचे? आई ७४ वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे दुखतात. मुलगा ९ वर्षांचा आहे आणि त्याला एका जागी दहा मिनिटे बसवत नाही. या दोघांनाही दिवसभर रमता येईल अशी मोकळ्या हवेतली जागा पुण्याच्या आसपास शोधू गेले, तर किल्ले आईला झेपत नाहीत, धरणांच्या काठी सावली मिळत नाही, आणि शहरातल्या बागांमध्ये वाहते पाणी नसते. नसरापूरजवळच्या बनेश्वरला मात्र गर्द झाडी आहे, शंकराचे जुने देऊळ आहे, देवळाच्या आवारातील कुंडांत जिवंत झऱ्याचे पाणी आहे आणि झाडीच्या पलीकडे शिवगंगा नदी वाहते. देवळाभोवतालच्या झाडीचे उद्यान झालेले असल्यामुळे आत पायवाटा आहेत, आणि वयस्क माणसाला घेऊन हिंडताना जीव टांगणीला लागत नाही.

पाच वर्षे आम्ही नेमाने जात आहोत आणि त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. झऱ्याकाठचा दिवस आपल्या सुट्टीच्या सोयीने ठरवला तर तो हातचा जातो. आधी पाण्याचा कल पाहावा, मग आपली सोय पाहावी.

ही गोष्ट आम्ही दोनदा चुकून शिकलो. पहिल्या वर्षी आईच्या इच्छेखातर श्रावणी सोमवार धरला. देवदर्शनासाठी तो दिवस उत्तमच, परंतु त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत आई तास-दीड तास उभी राहिली, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत मी आणि मुलगा आवाराबाहेर ताटकळलो, आणि कुंडाच्या काठाशी पोहोचलो तेव्हा माणसांच्या गर्दीत पाणी दिसेना. दुसऱ्या वर्षी गर्दी टाळायची म्हणून मे महिना निवडला, कारण मुलाच्या शाळेला सुट्टी होती. त्या वेळी गर्दी फारशी नव्हती, पण धार बारीक झाली होती आणि कुंडाच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ वर राहिली होती. आई काठावर उभी राहून नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, झरा दमलाय. आपण त्याला अशा वेळी भेटायला यायला नको होतं.” घरी परतल्यावर मी झऱ्यांविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि त्या वाचनातूनच आमच्या सहलीचा महिना ठरला.

आपला दख्खनचा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला. विहीर खोदणाऱ्या माणसांना हे थर पुस्तकाशिवाय ठाऊक असतात: वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा, चिकणमातीचा थर सापडतो. डोंगरावर पडलेला पाऊस माती आणि मुरूम यांतून हळूहळू खाली उतरतो, खडकाच्या भेगांतून वाट काढतो, आणि अखंड काळ्या पाषाणाशी किंवा त्या तांबड्या थराशी आला की त्याला खाली जायला वाट उरत नाही. मग ते पाणी आडवे सरकू लागते. डोंगराच्या उताराने किंवा नदीच्या पात्राने तो थर जिथे उघडा पडतो, तिथे हे पाणी बाहेर येते, आणि आपण त्याला झरा म्हणतो. म्हणजे कुंडात पडणारे पाणी कुंडाजवळचे नसते. ते वरच्या चढावरून, आपल्याला दिसतही नाही अशा माळावरून आलेले असते. झऱ्याचे माहेर डोंगरात असते, असे आई म्हणते, आणि भूगर्भशास्त्राच्या भाषेतही याहून नेमके मला सांगता येणार नाही.

या उतरण्याला वेळ लागतो. जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास मोसमी वारे आपल्याकडून परततात, पण जमिनीच्या पोटात साठलेले पाणी त्यानंतरही कितीतरी दिवस वाहत राहते. पावसाळ्यात झरा भरलेला असतो हे खरे, परंतु तेव्हा वाटा निसरड्या असतात आणि नदी बेभरवशाची असते. कार्तिक आणि मार्गशीर्ष हे दोन महिने मला सर्वांत योग्य वाटतात: पाऊस थांबलेला असतो, आकाश निवळलेले असते, ऊन सोसवते आणि झऱ्याचा जोर ओसरलेला नसतो. पौषापर्यंतही चालते. होळीनंतर मात्र आम्ही जात नाही.

या ऋतूचा आणखी एक आनंद आहे, आणि तो पाण्यात हात घातल्याशिवाय कळत नाही. जमिनीखाली काही मीटर खोल असलेल्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. ते त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ राहते, आणि पुण्याच्या परिसरात ही सरासरी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणून डिसेंबरमध्ये सकाळी हवा दहा-बारा अंशांवर असताना झऱ्याचे पाणी हाताला कोमट लागते, आणि तेच पाणी मे महिन्याच्या दुपारी गार वाटते. मुलाने पहिल्यांदा पाण्यात बोटे बुडवली तेव्हा त्याने चटकन हात बाहेर काढला आणि विचारले, “आजी, हे कुणी तापवलं?” आजीने त्याचा हात धरून पुन्हा पाण्यात ठेवला आणि तसाच बराच वेळ ठेवू दिला.

महिना ठरला की वार. सोमवार शंकराचा, म्हणून गर्दीचा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईचे महालक्ष्मीचे व्रत असते आणि तिला उपाशीपोटी प्रवास घडवणे बरे नाही. शनिवार-रविवारी महामार्गावर खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या आगेमागे वाहनांची दाटी होते. राहता राहिले मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. त्यांतला एक मी निवडते, कार्यालयातून एक दिवसाची रजा घेते आणि मुलाची शाळाही एक दिवस बुडवू देते. नाताळच्या सुट्टीची वाट पाहत नाही, कारण त्या आठवड्यात पुणेकर एकदमच घराबाहेर पडतात. एका दिवसाच्या बुडालेल्या अभ्यासाची भरपाई होऊ शकते, पण धार भरलेली आणि काठ रिकामा असा दिवस वर्षातून मोजकाच मिळतो.

पुण्याहून बनेश्वर साधारण ३५ किलोमीटर आहे. सातारा रस्त्याने कात्रज ओलांडून, खेड शिवापूर मागे टाकून चेलाडी फाट्याला महामार्ग सोडायचा आणि वेल्ह्याच्या रस्त्याने नसरापूर गाठायचे. तिथून देऊळ सुमारे दोन किलोमीटरवर आहे. स्वतःचे वाहन नसेल तर स्वारगेटहून सुटणारी वेल्ह्याची एस्टी नसरापूरवरून जाते, आणि गावातून उरलेली वाट रिक्षाने किंवा पायी होते. आम्ही सकाळी साडेसहाला निघतो. डिसेंबरमध्ये त्या वेळी पुरते उजाडलेलेही नसते, परंतु उन्हे तिरपी असतानाच कुंडाशी पोहोचायचे असेल तर याहून उशीर परवडत नाही.

कात्रजवरून जाताना मी मुलाला दर वेळी एक गोष्ट सांगते. कात्रजच्या ओढ्यावर तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणण्याचे काम नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाले, आणि बनेश्वरचे देऊळही त्यांच्याच कारकिर्दीतले, १७४९ च्या सुमाराचे आहे. एकाच राज्यकर्त्याने एके ठिकाणी पाणी शहरात आणले आणि दुसऱ्या ठिकाणी ते जिथे उगवते तिथेच त्याचा मान राखला. देवळातली मोठी घंटाही मुलाच्या आवडीची आहे: १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयातून देशावर आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्याखाली उभे राहून वर पाहण्यात त्याचा बराच वेळ जातो.

शिदोरीविषयी आमच्याकडे दर वर्षी चर्चा होते आणि दर वर्षी आईचेच म्हणणे राहते: दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दिवसभर मऊ राहतात, त्यांना रस्सा लागत नाही आणि हात फार माखत नाहीत. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे मुरलेले लोणचे, वेगळ्या डब्यात दहीभात, आणि मुलासाठी गुळाच्या वड्या. दशम्या धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधायच्या आणि जेवायला घरच्याच स्टीलच्या ताटल्या न्यायच्या, म्हणजे मागे टाकून येण्यासारखे काही उरतच नाही. पुड्यातले पदार्थ मी मुद्दाम टाळते, कारण वाऱ्याने उडालेला एक कागद शेवटी पाण्यातच जाऊन पडतो. चूल मांडण्याचा तर विचारही करू नये: मोठ्या झाडांवर आग्या मोहोळे असू शकतात, आणि धुराने माश्या उठल्या तर पळायलाही वाट मिळत नाही. याच कारणासाठी त्या दिवशी आम्ही अत्तर लावत नाही.

प्यायचे पाणी मात्र घरून न्यावे, आणि हे मी आग्रहाने सांगते. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी ते उथळ खडकातून आलेले असते, आणि वरच्या चढावर वस्ती, गोठे किंवा शौचालये असतील तर त्यांचा अंश त्यात उतरू शकतो. नितळपणावरून पाण्याची शुद्धता कळत नाही. आईला हे पटायला दोन वर्षे लागली. आता ती तांब्यात थोडे पाणी घेते, डोळ्यांना लावते, आणि पिण्यासाठी उकळून गार केलेले घरचे पाणी घेते.

आवारात शिरल्यावर पहिला तास फक्त कुंडाचा. देऊळही नंतर, झाडीही नंतर. सकाळच्या त्या तासात गोमुखातून पडणाऱ्या धारेचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि मी दर वेळी धार पाण्याला भेटते तिथे पाहत राहते. पृष्ठभागावर एक खळगा होतो, त्याच्या कडेने बुडबुडे उठतात, हातभर अंतर तरंगत जाऊन एकेक फुटतात, आणि त्यापलीकडे पाणी इतके शांत होते की तळाशी पडलेल्या पानाच्या शिरा मोजता याव्यात. मागच्या खेपेला आम्ही असेच बसलो असताना काठापासून वीतभर अंतरावर एक कासव वर आले. आधी दोन बारीक नाकपुड्या दिसल्या, मग हिरवट काळे डोके, मग मानेची सुरकुतलेली कातडी. त्याने एक श्वास घेतला, आमच्याकडे पाहिल्यासारखे केले आणि पाय मागे रेटत सावकाश खाली गेले. एरवी एका जागी न बसणारा माझा मुलगा त्यानंतर अर्धा तास तिथून हलला नाही.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कासवांना आणि माशांना चुरमुरे, बिस्किटे, पावाचे तुकडे टाकण्यात पुष्कळांना पुण्य वाटते. न खाल्लेले तुकडे तळाशी बसून कुजतात, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. कुंडासारख्या लहान साठ्यात त्याचा त्रास त्याच जीवांना होतो. हार, फुले, उदबत्तीची वेष्टने आणि साबणाचे हात यांचेही तेच. त्या पाण्याला देव मानणाऱ्या माणसाने ते जसे उगवले तसेच वाहू द्यावे.

मुलासाठी आम्ही एक काम नेमून दिले आहे. आधी गुरवांना विचारायचे, आणि त्यांनी होकार दिला तर एक लिटरची बाटली धारेखाली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजायचे. समजा बाटली १० सेकंदांत भरली, तर मिनिटाला ६ लिटर झाले, आणि दिवसाच्या १,४४० मिनिटांना ८,६४० लिटर. हा हिशेब त्याने पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा तो थक्क झाला, कारण एवढीशी दिसणारी धार रात्री सारे झोपलेले असतानाही वाहत असते हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. एका मोजणीने फारसे कळत नाही. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी मोजले तर झरा टिकून आहे की आटत चालला आहे याची चाहूल लागते. गावोगावच्या झऱ्यांची अशी नोंद कुणी ना कुणी ठेवली पाहिजे, कारण वरचा डोंगर फोडला, माळावर इमारती उभ्या राहिल्या किंवा जवळपास खोल विंधन विहिरी झाल्या, की खालची धार गुपचूप बारीक होत जाते, आणि पूर्वी ती किती होती हे सांगणारे कुणी उरत नाही.

दहाच्या सुमारास ऊन चढते, मग झाडीत जायचे. पाण्याच्या आश्रयाने वाढलेली झाडी रस्त्याकडेच्या झाडीहून वेगळी असते. पायाखालची जमीन मऊ असते आणि हवेला ओलसर गारवा असतो. उंबराच्या मुळाशी पाणी असते ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानेही भूजलाच्या खुणा सांगताना उंबर आणि जांभूळ या झाडांचा उल्लेख केला आहे. म्हणून उंबर दिसला की मुलगा आधी खाली वाकून जमीन चाचपतो. पक्ष्यांसाठी दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी बिघडत नाही. पाण्याकाठच्या दगडांवर थंडीतले पाहुणे धोबी पक्षी शेपटी वरखाली हलवत धावताना दिसतात, तांबटाची टुकटुक दिवसभर चालू असते, आणि नशीब असेल तर लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक फांद्यांमधून सरकून जातो. आईसाठी घडीची हलकी खुर्ची आम्ही बरोबर नेतो. तिला झाडाखाली बसवून दोघे हिंडून आलो, की तिने तेवढ्यात आमच्याहून जास्त पक्षी पाहिलेले असतात.

नदीच्या बाजूचे पाणी लांबूनच पाहावे. शिवगंगेचे पात्र खडकाळ आहे, दगडांवर शेवाळ असते, आणि वरच्या खोऱ्यात पाऊस झाला तर इथे कोरडे ऊन असतानाही पाणी वाढू शकते. लहान मूल बरोबर असताना आम्ही पात्रात उतरत नाही, यात सवलत नाही.

पूर्ण दिवस काढणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान शहरातल्या शहरात बावधनला राम नदीच्या काठचा झरा पाहून यावे. भोवती इमारती आणि वाहनांची वर्दळ असताना जमिनीतून पाणी उमलते आहे, हे दृश्य मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखे आहे. आपल्या शहरातल्या नागझरीच्या नावातही झराच आहे, आणि आज त्या ओढ्याकडे पाहताना ते नाव उच्चारायला मला जड जाते. बनेश्वर तसे होऊ नये, ही भीती माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणून मी मुलाला दर वर्षी तिथे नेते.

दोन वाजता जेवण, मग अर्धा तास आडवे होणे, आणि चारला परतीची वाट. कात्रजच्या बोगद्याशी संध्याकाळची गर्दी वाढण्याआधी शहरात शिरायचे असेल तर याहून रेंगाळू नये. परत निघण्याआधी मात्र आम्ही पुन्हा एकदा कुंडाशी जातो, कारण दुपारनंतर उन्हाचा कोन बदललेला असतो आणि सकाळी न दिसलेला तळ तेव्हा दिसतो.

यंदा मार्गशीर्षातला दुसरा मंगळवार ठरला आहे. खुर्चीचा सैल झालेला पट्टा शिवून आणला आहे, दशम्यांसाठी कणीक आदल्या रात्री चाळून ठेवायची आहे, आणि मुलाने वहीच्या नव्या पानावर आतापासूनच तारीख घालून पुढे सेकंदांसाठी जागा मोकळी सोडली आहे. आई काल विचारत होती, तांब्या पितळेचा न्यायचा की तांब्याचा.